रोज्यात टोचायचं नाही

जाफर परकारांना साखर लागली त्याला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत बोटाला टोचल्याशिवाय त्यांनी बसची चावी फिरवली नव्हती. हात धुवायचे, कोरडे करायचे, टोचायचं, मशीनवरचा आकडा बघायचा, मगच गाडी. सहा, म्हणजे आपल्याकडच्या मशीनवरचे एकशे आठ, असला की स्वारी खूश. दहा असला की आदल्या दिवशीच्या भाताला शिव्या. आणि चारच्या खाली असला तर दोन खजूर खाऊन पंधरा मिनिटं गप बसायचं आणि पुन्हा टोचायचं. यार्डातले ड्रायव्हर हसायचे. ‘परकारचाचा बसच्या आधी स्वतःचं ऑइल चेक करतात,’ म्हणायचे. हसेनात का! मागे साठ माणसं बसलेली असतात, ती झोपेत असतात आणि त्यांना घरी कोणीतरी वाट बघणारं असतं, हे चाचांना बावीस वर्षं दोहात गाडी चालवून पाठ झालं होतं.

त्या साली रमजान ऐन जूनमध्ये आला. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून सहा वर्षं होती, पण साहेबलोकांची धावपळ अशी, की कोणाला वाटावं सामना येत्या शुक्रवारीच आहे. चाचांची कंपनी एका स्टेडियमच्या कामावर होती. कामगारांना कॅम्पातून साइटवर न्यायचं आणि परत आणायचं, हे चाचांचं काम. उपासाचा दिवस पंधरा तासांचा, बाहेर पंचेचाळीसचं ऊन, आणि पोटात साखर उतरवणारी गोळी. गेल्या रमजानपर्यंत सगळे टोचूनच गाडी काढत, पण यंदा यार्डात कोणीतरी शंका काढली होती, रक्त काढलं तर रोजा राहतो का? म्हणून रमजानच्या चार दिवस आधी ते कंपनीच्या क्लिनिकमध्ये जियादला भेटायला गेले.

जियाद कोण, ते सांगायला हवं. जियाद दापोलीकडचा, चाचांच्या शेजारच्या गावचा. नर्सिंग शिकलेला. साखरेच्या रोग्यांना मशीन कसं वापरायचं, काय खायचं, कधी टोचायचं हे शिकवण्याचं त्याचं सर्टिफिकेट क्लिनिकच्या भिंतीवर टांगलेलं होतं. चार वर्षांपूर्वी त्याचा बायोडेटा साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला तो चाचांनीच. तेव्हापासून दर शुक्रवारी तो अल हिलाल भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत जेवायला. मुलगी सुहाना लग्न होऊन मुंब्र्याला गेल्यापासून रबियाचाचीला ताटात वाढायला कोणीतरी हवंच होतं. हामूर माशाची मधली तुकडी जियादची, हे त्या घरात ठरून गेलं होतं आणि चाचांनी त्यावर कधी तक्रार केली नाही.

“जियाद, एक विचाराचा होता,” चाचा खुर्चीत बसत म्हणाले. “रोज्यात टोचला तर चालतो काय?”

जियाद कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होता. “नाय चाचा. रक्त काढला का रोजा गेला. रोज्यात टोचायचा नाय.”

“आणि गाडी?”

“पहाटे सेहरीला पोटभर खावा, गोळी घ्या आणि सांजचे मगरिबनंतर टोचा. कायेक होत नाय. मी हाय ना!”

चाचा निर्धास्त झाले. त्यांचा हिशेब सरळ होता. मौलानांना रोजा कळतो, पण साखर कळत नाही. मोठ्या डॉक्टरांना साखर कळते, पण त्यांना रोज्याचं काय विचारणार? जियादला दोन्ही कळतं, आणि वर तो घरचा. असा माणूस परदेशात मिळणं म्हणजे नशीबच, असं ते त्याच दिवशी यार्डात म्हणालेसुद्धा. यार्डात साखर असलेले आणखी सहा रोजेदार ड्रायव्हर होते. एक पेशावरचा पठाण, दोघं बंगाली, तिघं हैदराबादकडचे. चाचा सगळ्यांत जुने, म्हणून सहाही जणांनी त्यांनाच विचारलं आणि चाचांनी सहाही जणांना छातीठोकपणे सांगितलं, रोज्यात टोचायचं नाही, क्लिनिकनेच सांगितलंय. सहाही जणांनी मशिनं घरी ठेवली.

सतराव्या रोज्याला दुपारी साडेअकराला कामगारांना घेऊन चाचा कॅम्पाकडे निघाले. एसी जोरात चालू असून त्यांना घाम फुटला. आधी वाटलं ऊन. मग हात थरथरायला लागले तेव्हा वाटलं, वय. मग पुढच्या सिग्नलवर दोन सिग्नल दिसायला लागले. मशीन सीटखालच्या पिशवीत होतं. चाचांचा हात दोनदा त्या पिशवीकडे गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मागे घेतला. तेरा रोजे राहिलेत, आज कशाला मोडायचा, असं मनाशी म्हणाले. पुढचं त्यांना आठवत नाही. बस दुभाजकावर चढली आणि मेट्रोच्या खोदकामाभोवती लावलेल्या प्लास्टिकच्या अडथळ्यांत घुसून थांबली. अडथळ्यांत पाणी भरलेलं होतं म्हणून निभावलं. एका नेपाळी सुताराचं खांद्याचं हाड मोडलं. बाकीच्यांना खरचटण्यावर गेलं. अँब्युलन्सवाल्याने चाचांचं बोट टोचलं तेव्हा आकडा आला दोन पॉइंट तीन. त्याच्या खाली माणूस फार वेळ राहत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा हॉस्पिटलात पलंगाशेजारी रबियाचाची बसली होती आणि समोर एक बाई उभी होती. नयना तिचं नाव, नाशिकची, आणि त्या हॉस्पिटलात साखरेच्या रोग्यांना शिकवायचं काम तिच्याकडे होतं. चाचांचा मराठी सूर ऐकून ती खुर्ची ओढून बसली.

“काका, घाम आला तेव्हा तपासलं का नाही? मशीन तर तुमच्या पिशवीत होतं.”

“रोजा होता ना, बाय.”

“टोचल्याने रोजा मोडत नाही, काका. धर्म जाणणाऱ्या मोठमोठ्या आलिमांनी सांगून ठेवलंय. उलट गाडी चालवणाऱ्याने तर दिवसातनं तीनचारदा टोचायलाच हवं, आणि चारच्या खाली गेली तर रोजा सोडायलाच हवा. तसं करणं गुन्हा नाही.”

चाचांना प्रथम वाटलं, पोराला माहीत नसेल. चूक होते माणसाच्या हातून. त्यांनी तसं म्हटलंही. “आमच्या क्लिनिकमधल्या पोराला कोणी सांगितला नसेल.”

नयनाने क्लिनिकचं नाव विचारलं. मग सावकाश म्हणाली, “रमजानच्या तीन आठवडे आधी आम्ही सगळ्या क्लिनिकवाल्यांना बोलावून दिवसभर हेच शिकवलं. तुमच्याकडचा जियाद आला होता. पहिल्या रांगेत बसला होता. सगळ्यांत जास्त प्रश्न त्यानेच विचारले.”

रबियाचाचीने नवऱ्याकडे बघितलं. चाचा छताकडे बघत होते. त्यांना कोणी काठीने मारलं असतं तर इतकं लागलं नसतं. बाईने पुढे बरंच काही सांगितलं, उरलेले रोजे धरू नका म्हणाली, गोळी बदलली म्हणाली. चाचांनी हो हो केलं, पण त्यांच्या कानात एकच वाक्य बसलं होतं, पहिल्या रांगेत बसला होता.

संध्याकाळी जियाद आला. हातात संत्र्यांची पिशवी. चाचांनी आडून आडून विचारलं नाही. “तुला माहीत होता?”

जियादने दाराकडे बघितलं, रबियाचाचीकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. चाचीसमोर खोटं बोलायचं बळ त्या दिवशी त्याला नव्हतं. “होता, चाचा.”

मग त्याने सगळं सांगितलं. आदल्या रमजानला ड्रायव्हर टोचत होते. आकडा चारच्या खाली गेला की नियमाप्रमाणे त्या दिवशी त्यांना गाडीवरनं उतरवावं लागे. महिन्याभरात अकरा वेळा बस उभ्या राहिल्या, कामगार उन्हात ताटकळले, वरून साहेबाला फोन. यंदा ट्रान्सपोर्टच्या साहेबाने जियादला बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, आकडाच नसला तर भानगडच नाही, तू बघ काय ते. आणि जियादचं काँट्रॅक्ट जुलैत संपत होतं.

“मग सगळ्या ड्रायव्हर लोकांना खोटा सांगितलास?” चाचीने विचारलं.

“नाय. फकत चाचांना.” जियाद मान खाली घालून म्हणाला. “चाचांनी सांगितला का सगळे ऐकतात.”

गरज सरो आणि वैद्य मरो असं लोक म्हणतात. इथे वैद्यानेच स्वतःच्या गरजेपायी रोग्याला मरायला सोडलं होतं, आणि तो रोगी असा की ज्याने त्याला इथे आणला. चाचांना राग यायला हवा होता. पण त्या घटकेला त्यांना नुसती लाज वाटली, आपण याला घरचा म्हणत होतो याची. जियादने त्यांचे पाय धरले. “चौकशीत माझा नाव घेऊ नका, चाचा. मी सगळा सांभाळून घेतो. इन्शाल्ला तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाय.” चाचा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. चार वर्षांची सवय एका संध्याकाळीत जात नाही.

पुढच्या गुरुवारी चौकशी झाली. ट्रान्सपोर्टचा साहेब आणि ऑफिसातली एक बाई टेबलाच्या पलीकडे, चाचा अलीकडे. जियाद नव्हता. क्लिनिकमध्ये गर्दी आहे म्हणे. बाईने एक छापील कागद चाचांपुढे सरकवला आणि तो हिंदीत वाचून दाखवला. क्लिनिकच्या कॉम्प्युटरमधली नोंद होती. रुग्ण जाफर परकार, यांना रोज्यात दर चार तासांनी साखर तपासण्याचा सल्ला दिला. धार्मिक कारण सांगून रुग्णाने नकार दिला. खाली जियादचं नाव.

सांभाळून घेतो म्हणजे हे होय! अपघातानंतर घाबरून पोराने खोटी नोंद घुसडली, असं चाचांना वाटलं आणि तेवढ्यासाठी त्यांनी त्याला मनातल्या मनात अर्धी माफीही देऊन टाकली. घाबरलेला माणूस काय वाट्टेल ते करतो. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या आकड्यांवर गेली. आकडे त्यांना चांगले कळत. तारीख दोन जून, सकाळी दहा चाळीस. रमजान लागायच्या चार दिवस आधीची ती सकाळ. त्या वेळी चाचा त्याच्यासमोर खुर्चीत बसले होते. सेहरीला पोटभर खावा म्हणून जियाद तोंडाने सांगत होता आणि त्याच वेळी बोटांनी हे टाइप करत होता. म्हणजे चाचांचं काही बरंवाईट होऊ शकतं हे त्याला ठाऊक होतं आणि त्या दिवसाची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. मघाची अर्धी माफी चाचांनी तिथल्या तिथे परत घेतली.

“हे खोटं आहे,” ते म्हणाले.

“साक्षीदार आहे?” साहेबाने विचारलं. बायको आहे म्हटल्यावर तो हसला. मग त्याने दोन रस्ते सांगितले. आपल्या मर्जीने तपासलं नाही, असं लिहून द्यायचं. मग गाडी कायमची सुटेल, पण गोदामात बसून राहता येईल. किंवा सही करायची नाही, यार्डातला कोणी साक्षीदार आणायचा, मग क्लिनिकला बोलावून नव्याने चौकशी होईल. चाचांनी शनिवारपर्यंत मुदत मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते कसं, हे ते पहिल्यांदाच संन्याशाच्या जागी बसून बघत होते.

तिथून ते थेट यार्डात गेले. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. सहा जणांनी आजपासून टोचायला लागावं, ही पहिली. आणि आपण खोटारडे नाही हे सहा जणांना कळावं, म्हणजे त्यातला एकतरी साक्षीला उभा राहील, ही दुसरी. त्यांनी सगळं सांगितलं. पठाणाने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, “परकारभाई, आपने गाड़ी ठोकी है. अब आप बोलते हैं क्लिनिक झूठा. रोज़े का मामला है. क्लिनिकवाला अपने मुँह से बोलेगा तो चेक करेंगे.” बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. अपघात केलेल्या माणसाचं कोण ऐकतो?

“मग उद्या माझ्याकडे इफ्तारला या,” चाचा म्हणाले. “तो येतोच शुक्रवारचा. त्याच्याच तोंडनं ऐका.”

शुक्रवारी रबियाचाचीने सकाळपासून कंबर कसली. खिमा समोसे, भजी, तांदळाच्या भाकऱ्या, सांदणं, मोठ्या पातेल्यात हामूरचं कालवण. चाचा त्या दिवशीही रोज्याशिवाय होते. दुपारी स्वयंपाकघरात दार लोटून जेवताना त्यांना चोरासारखं वाटायचं, पण नयनाबाईचं त्यांनी ऐकलं होतं. सव्वासहाला सहाही जण आले. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसले. पाच मिनिटांनी जियाद आला, चौकशीत चाचा काय बोलले ते काढून घ्यायला, आणि सहा जणांना बघून दारातच थबकला. परत फिरणं शोभलं नसतं, म्हणून सलाम करून बसला. अजानला सात मिनिटं होती.

“जियाद,” चाचा म्हणाले, “या लोकांना सांग. रोज्यात टोचला तर रोजा जातो काय?”

जियादने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. चाचा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांना अजूनही, इतकं सगळं होऊनही, वाटत होतं की रोज्याच्या तोंडाने हा पोरगा खरं बोलेल.

“नहीं जाता,” जियाद हिंदीत म्हणाला. “दिन में तीन-चार बार चेक करना ही चाहिए. चार के नीचे गया तो रोज़ा छोड़ना है, फ़ौरन.” जरा थांबून तो पुढे म्हणाला, “मैंने तो चाचा को भी यही बताया था. उनको समझने में ग़लती हुई होगी. उमर हो गई है.”

सहा डोकी चाचांकडे वळली. जियादच्या तोंडून ‘टोचू नका’ हे त्यांतल्या एकानेही ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते चाचांच्या तोंडून, छातीठोकपणे. स्वयंपाकघराच्या दारात रबियाचाची येऊन उभी राहिली होती. हातात भाकरीचा डबा. हॉस्पिटलातला शब्द न् शब्द तिने ऐकला होता आणि तो आता तिच्या ओठांवर आला होता. चाचांनी हात वर करून तिला थांबवलं.

का थांबवलं, हे चाचीला त्या क्षणी कळलं नाही. चाचांना कळलं होतं. आता भांडण झालं तर दोन गोष्टी घेऊन हे सहा जण घरी जातील, एक जियादची, एक परकारची. कोणाचं खरं, यावर उद्या यार्डात वाद घालतील आणि तोवर कोणी टोचणार नाही. आणि सहांच्या मागे मिळून साडेतीनशे माणसं बसतात. खोटं बोलता बोलता का होईना, पोरगा आज जे बोलायला हवं ते बोलला होता. ते मोडून काढायचं, तर आपलं नाव वाचेल. मोडायचं नाही, तर ती माणसं वाचतील. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला, असं ते पोरीला फोनवर सांगायचे.

“जियाद बरोबर बोलतो,” ते म्हणाले. मग हिंदीत, सगळ्यांना नीट कळावं म्हणून, “इसने टोचने को ही बोला था. मैंने तुम लोगों को उल्टा बताया. ग़लती मेरी है. कल से सब टोचना. काग़ज़ पर सही भी मैं कल कर दूँगा.”

जियादने झटकन वर बघितलं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. चाचांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

“पच्चीस रोज़े हम अंधे जैसे गाड़ी चलाए,” पठाण म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. “हम मर जाते तो, परकारभाई?”

“हो,” चाचा मराठीतच म्हणाले.

अजान झाली. चाचीने खजुराची बशी सगळ्यांपुढे धरली. जियादपुढे आली तेव्हाही बशी मागे घेतली नाही, रोजेदाराला नाही म्हणायचं नसतं. पण तो खजूर उचलताना ती हळूच म्हणाली, “रोजा सोड आणि ऊठ. चार वर्षा पोराचा ताट म्हणून वाढला तुला. तुझ्या आईचा फोन आला का मी सांगेन, पोरगा खुशाल हाय. कुठे जेवतो ता तूच सांग तिला.”

जियादने खजूर खाल्ला, दोन घोट पाणी प्यायला आणि उठला. त्याच्यामागे पठाणही उठला. म्हणाला, “माफ़ करना, परकारभाई. खाना गले से नहीं उतरेगा.” बंगाल्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेही उठले. हैदराबादवाल्यांतला एक जण समोशाकडे जरा बघत राहिला, मग चपला शोधायला गेला. पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. नऊ माणसांचं जेवण दस्तरखानावर तसंच वाफाळत होतं.

“तुमी काय केला हे?” चाची म्हणाली. ती रडत होती. “आता कोण तुमचा खरा मानणार?”

चाचा खिडकीशी गेले. खाली फुटपाथवर सहाही जण जियादभोवती उभे होते. खाली उतरल्यावर आपण सरळ निघून जाऊ असं बहुतेक जियादला वाटलं असावं, पण पठाणाने त्याचा दंड धरून ठेवला होता. कोणाचं तरी मशीन बाहेर निघालं होतं. जियाद त्यांना दाखवत होता. आधी हात धुवा. बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचा, दुखत नाही. पहिला थेंब पुसा. शब्द वरपर्यंत ऐकू येत नव्हते, पण हातवाऱ्यांवरून चाचांना सगळं कळत होतं, कारण तीन वर्षांपूर्वी त्यांनाही त्यानेच असं शिकवलं होतं. छान शिकवायचा.

“बगू नका,” रबियाचाची म्हणाली.

चाचा बघत राहिले, सहावा माणूस टोचेपर्यंत.